भिंतीवरून अंगावर

१९०० साली आडोल्फ लोस या वास्तुकाराने व्हिएन्नाच्या एका दैनिकात एक खट्याळ गोष्ट लिहिली. एका श्रीमंत गृहस्थाला आपल्या घरात कला हवी असते. तो नामांकित वास्तुकाराला बोलावतो आणि वास्तुकार खुर्च्यांपासून राखदाणीपर्यंत सगळं घर एका सुरात सजवून देतो. पुढे गृहस्थाचा वाढदिवस येतो. घरच्यांनी दिलेल्या भेटवस्तू कुठे ठेवायच्या हे विचारायला तो वास्तुकाराला घरी बोलावतो, तर वास्तुकार दारातूनच त्याच्या पायांकडे बघत उखडतो. गृहस्थ चाचरत सांगतो की पायातल्या या सपाता तुम्हीच तर आखून दिल्यात. वास्तुकाराचं म्हणणं असं की त्या झोपायच्या खोलीसाठी होत्या, आणि इथल्या दिवाणखान्यात त्यांच्या रंगाने सगळ्याचा विचका केला!

लोसने ही टिंगल हवेत केलेली नव्हती. साधारण १८६० ते १९३० या काळात युरोपात सजावटीच्या कलांच्या एकामागून एक लाटा आल्या. त्या लाटांवरची माणसं आधी भिंतीचा कागद आखत, मग पडदे, मग खुर्च्या, आणि मग हमखास त्यांची नजर घरातल्या बाईच्या पोशाखाकडे वळे. कॉर्सेटच्या, म्हणजे कंबर आवळणाऱ्या अंतर्वस्त्राच्या, दोऱ्या सैल झाल्या याचं श्रेय आपण डॉक्टरांना, सायकलला, पहिल्या महायुद्धाला देतो. ते खोटं नाही. पण महायुद्धाच्या पन्नास वर्षं आधी या कामाला हात घालणाऱ्यांत वॉलपेपरवाले होते, आणि त्यामागे निव्वळ बायकांबद्दलची कणव होती असं मला वाटत नाही. खरं कारण नक्षीत आहे. चांगल्या नक्षीला सलग जागा लागते. त्या काळच्या फॅशनची चोळी आठ-दहा तुकड्यांत बेतलेली, टक्स घातलेली, कमरेला आवळलेली असे. तिच्यावर मोठी वेलबुट्टी टाकली की फूल काखेत आणि देठ पाठीवर. साडी नेसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: काठ आणि पदर मागावरच ठरलेले असतात, शिंप्याची कात्री मध्ये येत नाही. युरोपातल्या या मंडळींना नेमकी तीच सोय हवी होती. त्यासाठी कपड्याला खांद्यावरून सरळ खाली सोडणं भाग होतं, आणि तसं केलं की कंबर आपोआप मोकळी होते.

सुरुवात इंग्लंडात. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने क्विनाइन बनवायच्या खटपटीत चुकून जांभळा रंग शोधला आणि कृत्रिम ॲनिलिन रंगांचं युग सुरू झालं. त्याच साली क्रिनोलिनचं, म्हणजे घागऱ्याखाली घालायच्या पोलादी कड्यांच्या पिंजऱ्याचं पेटंट निघालं. रंग भडकले आणि घेर इतका वाढला की दारातून आत येणं हीच एक कसरत झाली. नक्ष्या आखणाऱ्या विल्यम मॉरिसला यातलं काहीच खपत नव्हतं. लग्नानंतर घर थाटताना बाजारात मनासारखं सामान मिळेना, म्हणून त्याने आणि त्याच्या मित्रांनी १८६१ मध्ये स्वतःचीच कंपनी काढली. आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीचं मूळ तिथे आहे.

त्याची बायको जेन ऑक्सफर्डच्या एका तबेल्यात राबणाऱ्या मोतद्दाराची मुलगी. १८६५ मध्ये चित्रकार रोझेटीने आपल्या लंडनच्या घरच्या बागेत तिचे फोटो काढवून घेतले. ते फोटो आज पाहिले तर पहिल्यांदा जाणवतो तो घेराचा अभाव. कडी नाही, पिंजरा नाही, जड कापड आपल्या वजनाने पायाशी येऊन साठलंय. नीट पाहिलं तर त्याहून महत्त्वाची गोष्ट बाहीत आहे. त्या काळच्या फॅशनमध्ये बाही खांद्याच्या खाली दंडावर जोडत, त्यामुळे हात डोक्यापर्यंत नेणंच अशक्य. जेनची बाही खांद्याच्या टोकावर जोडलेली आहे, वर सैल. हा हात कामाचा हात आहे, आणि जेनचा हात कामाचाच होता, कारण कंपनीचं भरतकाम ती आणि तिची बहीण बघत. कादंबरीकार हेन्री जेम्स १८६९ मध्ये त्यांच्याकडे जाऊन आला तेव्हा बहिणीला लिहिलेल्या पत्रात जेनच्या त्या बिनकड्यांच्या पोशाखाचं वर्णन केल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

मॉरिसचा खरा जीव रंगात होता. लीक गावच्या टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याच्या कारखान्यात तो नीळ, मंजिष्ठ आणि झाडापाल्याच्या इतर रंगांचे प्रयोग करत बसे, कोपरापर्यंत हात निळे करून. १८८३ची त्याची ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही नक्षी, म्हणजे स्ट्रॉबेऱ्या पळवणारे पक्षी, आजही पिशव्यांवर आणि उशांवर दिसते. मूळ कापड कसं होई ते ऐकण्यासारखं आहे. आधी सगळं सुती कापड निळीच्या हौदात बुडवून गडद निळं करायचं. मग लाकडी ठशांनी त्यावर रंग उडवणारं द्रावण उमटवायचं. जिथे ठसा पडला तिथला निळा पूर्ण किंवा अर्धा उतरतो. मग त्या मोकळ्या जागी लाल, त्यानंतर पिवळा. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, मध्ये धुणं-वाळवणं. हे सगळं समाजवादाचा प्रचार करत फिरणारा माणूस करत होता आणि माल मात्र पैसेवाल्यांच्याच दिवाणखान्यात जात होता. मॉरिसला हे डाचत असे. इलाज त्याच्याकडे नव्हता.

हे कापड मुख्यतः पडद्यांचं. पोशाखात ती रंगदृष्टी आणली ती एका दुकानदाराने. आर्थर लेझनबी लिबर्टीने १८७५ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर दुकान थाटलं आणि पूर्वेकडची मऊ, अंगावर पडणारी रेशमं विकायला सुरुवात केली. त्यात हिंदुस्थानी टसरही होतं, ज्याला आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे कोसा म्हणतात. कोशाचा मातकट रंग घालवून त्यावर एकसारखा रंग चढवणं फार जिकिरीचं. ते साधलं याच वॉर्डलने. शेवाळी हिरवा, मोरपंखी, विटकरी असे दबलेले रंग मग ‘कलावंत’ बायकांची खूण बनले. पंच साप्ताहिकाने त्यांची व्यंगचित्रं काढून काढून वाचकांना हसवलं, १८८१ मध्ये त्यांची टर उडवणारी ‘पेशन्स’ ही संगीतिका रंगभूमीवर आली, आणि तिच्यातल्या पोशाखांचं कापड लिबर्टीचं होतं. टिंगलीचा पैसाही याच्याच गल्ल्यात! १८८४ मध्ये लिबर्टीने पोशाखांचा खास विभाग काढला. त्याच्यावर कोणाला नेमावं? ई. डब्ल्यू. गॉडविनला. हा गृहस्थ शिंपी नव्हे, वास्तुकार.

इथून पुढे वास्तुकारांची रांगच लागते. बेल्जियमचा आंरी व्हान द वेल्द मुळात चित्रकार, नंतर घर-फर्निचर आखणारा, आर नूव्होचा, म्हणजे वळणदार रेषांच्या नव्या कलाशैलीचा, मोठा पुरस्कर्ता. ब्रसेल्सजवळ त्याने स्वतःचं घर बांधलं, खुर्च्या आखल्या आणि बायको मारियाचे पोशाखही घराला शोभतील असे आखले. १९०० मध्ये जर्मनीतल्या क्रेफेल्ड या रेशमाच्या गावी कलावंतांनी आखलेल्या स्त्रीपोशाखांचं प्रदर्शन भरलं, त्यात त्याचे नमुने होते. त्याचं म्हणणं सरळ होतं: इमारतीत खांब-तुळई लपवायची नाही, तशी कपड्यात शिवण लपवायची नाही. उलट तिच्यावरूनच गोफ फिरवायचा, नक्षी शिवणीतूनच उगवली पाहिजे. कल्पना म्हणून हे मला फार आवडतं. पण बायकोने कोणत्या खोलीत काय घालायचं हे नवऱ्याने कागदावर आखून देणं, यात सुटका कितीशी आणि नवं दावं कितीसं, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न तेव्हाही एका बाईने विचारला. आना मुथेझियस ही गायिका, वास्तुकार हेर्मान मुथेझियसची पत्नी. १९०३ मध्ये तिने क्रेफेल्डहूनच एक छोटं पुस्तक काढलं. त्याचा गाभा असा की पॅरिसच्या शिंप्याची हुकमत झुगारून तिच्या जागी कलावंताची हुकमत आणू नका. बाईने आपला देह, आपला वर्ण, आपलं काम बघून आपला पोशाख स्वतः ठरवावा. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत शहाणं वाटतं ते हेच पुस्तक. तिच्या डोळ्यांसमोर ग्लासगोचं उदाहरण असणार. तिथल्या कलाशाळेत जेसी न्यूबेरी १८९४ पासून भरतकामाचा वर्ग घेत असे, आणि स्वस्त, जाड्याभरड्या तागाच्या कापडावर तुकडे जोडून, थोडक्या टाक्यांत गुलाब आणि चौकोन कसे उठवायचे ते शिकवी. तिचे कपडे ती स्वतः शिवी. तिथे कुणी पुरुष वास्तुकार बायकोच्या गळपट्टीची उंची मोजत बसलेला नव्हता.

ग्लासगोचं काम १९००च्या अखेरीस व्हिएन्नाच्या बंडखोर कलावंतांच्या ‘सेसेशन’ प्रदर्शनात गेलं आणि तिथल्या तरुणांना भुरळ पडली. व्हिएन्नाची कथा सांगायची तर एमिली फ्ल्योगेपासून सांगावी लागते. बहुतेकांना ती माहीत असते ती चित्रकार गुस्ताव क्लिम्टची मैत्रीण म्हणून, आणि त्याने १९०२ मध्ये काढलेल्या तिच्या चित्रामुळे. पुरुषभर उंच, निरुंद चित्र. एक हात कमरेवर. आणि मानेपासून पायापर्यंत निळा-जांभळा पोशाख, ज्यात भोवरे, ठिपके, सोनेरी चौकटी खच्चून भरल्यात. चेहरा आणि हात वगळले तर बाई कुठे संपते आणि नक्षी कुठे सुरू होते ते कळत नाही. एमिलीला हे चित्र आवडलं नव्हतं. १९०८ मध्ये ते शहराच्या संग्रहालयाला विकलं गेलं. तिच्या नापसंतीचं मला नवल वाटत नाही. कापड कसं पडतं, कुठे ओढतं हे जिला बोटांनी कळत होतं तिला चित्रातली ही नक्षी म्हणजे भिंतच वाटली असेल.

कारण एमिली स्वतः धंदेवाईक शिवणकार होती. १९०४ मध्ये तिने पाउलिने आणि हेलेने या बहिणींबरोबर व्हिएन्नाच्या मारियाहिल्फर रस्त्यावर दुकान उघडलं. आतली सजावट योझेफ हॉफमान आणि कोलोमान मोझर यांची: पांढरा-काळा, चौकोनच चौकोन, उंच आरसे. आदल्याच वर्षी या दोघांनी ‘व्हीनर व्हेर्कश्टेटे’ ही कारागिरांची मंडळी स्थापली होती. १९०६च्या उन्हाळ्यात आटर तलावाकाठच्या बागेत क्लिम्टने एमिलीचे फोटो काढले. खांद्यावरून सुटलेले, कंबर नसलेले, रुंद बाह्यांचे ‘सुधारक’ पोशाख. काहींवर चौकटी, काहींवर उभे पट्टे. हे फोटो छापून आले ते जर्मनीतल्या सजावटकलेच्या मासिकात. फॅशनच्या मासिकात नव्हे, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी.

फॅशनच्या बाजाराला या पोशाखांचं फारसं सोयरसुतक नव्हतं. लोक त्यांना पोतं म्हणत. फ्ल्योगे बहिणींच्या दुकानात भरभराटीच्या दिवसांत ऐंशीच्या आसपास शिवणाऱ्या बायका होत्या असं सांगतात, पण त्यांची पोटापाण्याची शिलाई ही पॅरिसच्या वळणाचीच होती. एमिली दरवर्षी पॅरिस-लंडनला जाऊन नवं काय चाललंय ते बघून येई. सुधारक पोशाख मोजक्या गिऱ्हाइकांसाठी आणि स्वतःसाठी. दुकानातल्या काचेच्या कपाटात मात्र तिने जमवलेलं स्लोव्हाक आणि इतर गावाकडचं भरतकाम, लेस मांडून ठेवलेली असे, आणि तिथल्या सैल बाह्या, चौकोनी तुकड्यांचं बेतणं तिच्या कपड्यांत उतरलेलं दिसतं. म्हणजे ज्याला आधुनिक म्हणून मिरवलं त्यातला बराच भाग शेतकरणींच्या पेटीतला. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला. गिऱ्हाइकांत ज्यू कुटुंबं पुष्कळ होती, ती परागंदा झाली आणि दुकान बंद पडलं.

व्हेर्कश्टेटेने १९११ मध्ये स्वतःचा पोशाख विभाग काढला. तिच्या कापडविभागातून पुढच्या दोन दशकांत सुमारे १,८०० नक्ष्या निघाल्या, आणि त्यातल्या कितीतरी तरुण मुलींच्या हातच्या. एकच नक्षी भिंतीला, गादीला आणि झग्याला चाले. ब्रसेल्समध्ये हॉफमानने बांधलेल्या स्टॉक्ले महालाबद्दल एक किस्सा सांगतात, की घरमालकीण पॅरिसचा पोशाख घालून वावरली आणि घराशी तिचा मेळ बसेना, म्हणून हॉफमानने तिच्यासाठी वेगळा पोशाख आखला. खरं-खोटं कोण जाणे, पण लोसची गोष्ट ऐकल्यावर अविश्वास ठेवणं जड जातं.

पॅरिसचा पोशाखकार पॉल प्वारे याच व्हिएन्नाहून कापडांचे तागे घेऊन गेला. त्याने १९०६च्या सुमारास कॉर्सेट काढून टाकलं होतं (आणि १९१० मध्ये पाय बांधून टाकणारा घागरा आणला, तेही त्याचंच कर्तृत्व). १९११ मध्ये त्याने ‘मार्तीन’ नावाची शाळा काढली. कामगार वस्तीतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुली, शिक्षक नाही, नियम नाहीत. त्यांना बागेत, प्राणिसंग्रहालयात न्यायचं आणि दिसेल ते काढू द्यायचं. त्यातून निघालेली ढब्बू फुलं गालिच्यावर, पडद्यावर आणि झग्यावर छापली जात. चित्रकार राउल द्युफीकडून त्याने लाकडी ठसे कोरून घेतले. त्या ठशांच्या कापडाचा १९११चा त्याचा एक अंगरखा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. बेत इतका सोपा की जवळजवळ चौकोनच; सगळा खेळ पानाफुलांचा.

नक्षी आणि बेत यांचं भांडण कायमचं मिटवायचा प्रयत्न केला तो सोनिया द्लोने हिने. युक्रेनमध्ये जन्मलेली, पॅरिसला स्थायिक झालेली ही चित्रकार. १९११ मध्ये तिने बाळासाठी तुकड्यांची गोधडी शिवली, १९१३ मध्ये तशाच रंगीत तुकड्यांचा झगा शिवून ती नाचाच्या हॉलमध्ये गेली. १९२५ साली पॅरिसला सजावटीच्या आणि औद्योगिक कलांचं जंगी प्रदर्शन भरलं, ज्यावरून आर्ट डेको हे नाव मागाहून रूढ झालं. तिथे सेन नदीवरच्या अलेक्झांडर पुलावर झाक हाइम या फरवाल्याबरोबर तिचं दुकान होतं. फोटोत तिच्या पोशाखातल्या मुली तिनेच रंगवलेल्या चौकटींच्या सिट्रोएन मोटारीपाशी उभ्या दिसतात. पण माझ्या मते तिचं खरं डोकं दिसतं ते एका साध्या युक्तीत. तिने कापडावर नक्षीबरोबरच कापायच्या रेषाही छापायचं ठरवलं. कात्री कुठून फिरवायची ते कापडच सांगणार, म्हणजे नक्षी तुटायचा प्रश्नच उरत नाही. १९२७ मध्ये चित्रकलेचा पोशाखावर काय परिणाम झाला यावर तिने सोरबॉनमध्ये व्याख्यान दिलं.

त्या दशकातले मण्यांनी मढवलेले सरळसोट झगेही याच घराण्यातले. आपण जिला आरी म्हणतो तशाच आकड्याच्या सुईने ताणलेल्या कापडावर हजारो मणी टाचायचे. पायऱ्यापायऱ्यांच्या नक्ष्या, पंखे, आणि १९२२ मध्ये तूतनखामेनची कबर सापडल्यावर कमळं आणि भुंगे. झगा म्हणजे पुढचा एक आयत, मागचा एक आयत. सगळं वजन खांद्यावरच्या दोन पट्ट्यांवर, त्यामुळे जुने झगे खांद्यातच फाटतात आणि संग्रहालयं ते टांगून न ठेवता आडवे ठेवतात. प्वारेचं मात्र १९२५च्या त्या प्रदर्शनाने दिवाळं काढलं. नदीत तीन सजवलेल्या नावा उभ्या करण्यात तो कर्जात बुडाला आणि १९२९ मध्ये त्याचं दुकान बंद झालं.

आना मुथेझियसच्या घरातून एक धागा इंदूरला येतो. तिचा मुलगा एकार्ट वास्तुकार झाला. ऑक्सफर्डला शिकणाऱ्या इंदूरच्या महाराजा यशवंतराव होळकरांशी त्याची ओळख झाली आणि १९३० ते १९३३ या काळात त्याने त्यांच्यासाठी माणिकबाग राजवाडा उभा केला: पोलाद, काच, कातडी खुर्च्या, दिव्यांपर्यंत सगळं एका हाताने आखलेलं. कपड्यांच्या बाबतीत मात्र यजमान आपल्या मर्जीचे मालक होते. बर्नार बुते द मॉन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराने त्यांची दोन मोठी चित्रं काढली. १९२९च्या चित्रात ते युरोपीय संध्यापोशाखात आहेत. १९३४च्या चित्रात मराठी दरबारी वेशात. चित्रकार तोच, सपाट पार्श्वभूमीचा आर्ट डेको थाटही तोच. माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात गेलं आणि वास्तूत सरकारी करखात्याचं कार्यालय आलं.

होळकरांच्या राज्यात भिंतीवरची नक्षी अंगावर यायला युरोपची वाट बघावी लागली नव्हती. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात महेश्वरला विणकर वसवले, आणि तिथल्या साड्यांच्या काठांवर किल्ल्याच्या दगडी कोरीवकामातल्या नक्ष्या उतरल्या असं विणकर सांगतात. नावंही तशीच: वीट, चटई, हिरा, चमेली. मागाचा धंदा पुढे बसला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस महेश्वरला ‘रेवा’ ही संस्था काढून तो पुन्हा उभा करणाऱ्यांत रिचर्ड होळकर होते, माणिकबागवाल्या यशवंतरावांचे चिरंजीव. तिथे आजही ते काठ मागावर विणले जातात, आणि त्यांना कात्री लागत नाही.